मदत हवी आहे: शिकार आणि रेंज, दोन्हीला चालेल अशी परवडणारी (हाताने बोल्ट ओढून भरायची) बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल

मॅलीकर
लायसन्स हातात आलंय (ए आणि बी वर्गाचं). शनिवारी दुकानात जाऊन परमिटचा अर्ज भरायचाय, म्हणून घाईत विचारतोय. पहिलीच रायफल. बजेट १५०० डॉलर. महिन्यातून दोनदा रेंज, एरवी मित्राच्या शेतावर उपद्रवी प्राणी. होवा १५००, रुगर अमेरिकन, सॅव्हेज अ‍ॅक्सिस आणि टिक्का टी३एक्स, फिरून फिरून हीच चार नावं समोर येतात. यातली कुठली घेऊ, आणि कॅलिबर (नळीचं माप, इंचात) कुठलं? कृपया "सगळ्याच चांगल्या" असं सांगू नका.

बोल्टनट
ऑस्ट्रेलिया दिसतंय, पण राज्य कुठलं? १५०० मध्ये दुर्बीण, माउंट (तिची बैठक) आणि तिजोरी धरली आहे का? उपद्रवी म्हणजे ससे की डुकरं? किती मीटरवरून? हे कळल्याशिवाय कॅलिबर सांगणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

दगडफूल
.३०८ घ्या आणि विषय संपवा. १५० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं एकक) सॉफ्ट पॉइंटने, म्हणजे मऊ टोकाच्या गोळीने, डुक्कर, बकरा, हरीण सगळं होतं. काडतूस खेड्यातल्या दुकानातही मिळतं.

नेमाडे_रेंजवाले
दगडफूल, महिन्यातून दोनदा रेंज म्हटलंय त्यांनी. एका वेळी ४० गोळ्या धरा. .३०८ च्या एका काडतुसाच्या पैशात .२२३ ची जवळपास दोन येतात. शिवाय हलक्या रायफलीत .३०८ चा धक्का .२२३ च्या चौपट-पाचपट बसतो. नवा माणूस विसाव्या गोळीनंतर ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. ती सवय एकदा लागली की मोडायला वर्ष जातं.

मॅलीकर
व्हिक्टोरिया. शेत मॅलीत, म्हणजे राज्याच्या वायव्येच्या कोरड्या भागात आहे. ससे, कोल्हे, अधूनमधून बकऱ्या. अंतर ५० ते २०० मीटर. १५०० मध्ये दुर्बीणही धरली आहे, तिजोरी आधीच घेतली. पुढेमागे मित्रांबरोबर डोंगरात सांबराला जायचंय.

बोल्टनट
सांबर हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. व्हिक्टोरियात सांबराला किमान .२७० कॅलिबर आणि १३० ग्रेनची गोळी लागते. फॅलो हरणाला .२४३ आणि ८० ग्रेन. म्हणजे .२२३ हरणांना कायद्यानेच बाद आणि .२४३ सांबराला बाद. हरणांसाठी गेम लायसन्सही वेगळं काढावं लागतं. ससे, कोल्हे आणि रानटी बकऱ्यांना खाजगी शेतावर ते लागत नाही, मालकाची परवानगी मात्र हवी.

तिजोरी घेतलीच आहे तर एवढं तपासा: पत्रा किमान १.६ मिमी, आणि रिकामं वजन १५० किलोच्या आत असेल तर भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केलेली. काडतुसं वेगळ्या कुलपात.

लिथगोप्रेमी
एवढा खर्च कशाला? जुनी .३०३ एसएमएलई (ब्रिटिश लष्करी रायफल) बघा. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याची बनावट, दहा गोळ्यांचं मॅगझिन, बोल्ट लोण्यासारखा. सांबराला कायदेशीर, आणि निम्मे पैसे वाचतील.

नेमाडे_रेंजवाले
पहिल्या रायफलीला .३०३ नको. हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली जागा) मोजून घ्यावी लागते, नळी आतून खाल्लेली असू शकते. दुर्बीण बसवायला बहुतेक वेळा रिसीव्हरला (बोल्ट बसतो त्या लोखंडी भागाला) भोकं पाडावी लागतात, म्हणजे जुन्या वस्तूची किंमतही जाते. काडतुसाला कडा असते. मॅगझिन भरताना वरच्याची कडा खालच्याच्या मागे राहिली की पुढे सरकतच नाही. जुन्या रायफलीवर प्रेम असणं वेगळं, ससा मारायला पाठवणं वेगळं.

विदर्भीय
आमच्याकडे सोयाबीन आणि हरभऱ्यात रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ चांगली रायफल आहे, तीच बघा. .३०३ वगैरे लष्करी बोअर (लष्कराच्या मापाची रायफल) भारतात सामान्य लायसन्सवर मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

बोल्टनट
विदर्भीय, धागा व्हिक्टोरियाचा आहे, तिकडे .३१५ चं काडतूस कुठून आणणार? पिकांच्या नुकसानीचा प्रश्न खरा आहे, त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी तिथे नक्की लिहीन.

अवांतर: सांबर आपल्याकडचंच जनावर. १८६० च्या दशकात तिकडे सोडलं आणि आता व्हिक्टोरियातल्या आल्प्स डोंगरांच्या जंगलात त्याचीच वस्ती.

होवाहोवा
मूळ प्रश्नाकडे येतो. होवा १५०० घ्या. रिसीव्हर घडवलेला, तळ सपाट, रिकॉइल लग (धक्का दस्त्यावर देणारा उंचवटा) त्याच तुकड्यातला. वेदरबी व्हॅनगार्ड ही रायफलही याच अ‍ॅक्शनवर बनते. दोन टप्प्यांचा ट्रिगर, त्यामुळे गोळी कुठल्या क्षणी सुटणार ते बोटाला कळतं. रेमिंग्टन ७०० चे बेस (दुर्बिणीखालच्या पट्ट्या) तिला बसतात, म्हणून माउंट स्वस्तात आणि कुठेही मिळतात. टिक्काचा बोल्ट जास्त गुळगुळीत आहे, पण दुर्बिणीला पैसे उरणार नाहीत.

दगडफूल
मग अ‍ॅक्सिस का नको? नळी तितकीच अचूक आणि सगळ्यात स्वस्त.

होवाहोवा
नळीबद्दल वाद नाही, खोट दस्त्यात आहे. अ‍ॅक्सिस आणि रुगर अमेरिकन दोन्हींचा प्लास्टिकचा पुढचा भाग मऊ असतो. दुकानात हे करून बघा: कागदाची पट्टी नळी आणि दस्त्याच्या मधून रिसीव्हरपर्यंत सरकवा. सरळ गेली तरी तेवढ्यावर थांबू नका. आता बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावल्यासारखा दस्त्याचा शेंडा हाताने वर दाबा आणि पट्टी पुन्हा ओढा. अडकली तर रेंजवर बायपॉडने लावलेला झिरो (दुर्बिणीचा जुळवलेला नेम) शेतात पिशवीवर ठेवल्यावर जागेवर राहणार नाही. माणूस दुर्बिणीला दोष देतो आणि दोष त्या दोन मिलीमीटरच्या फटीत असतो. उपाय सोपा: पॉलिश पेपर गोल दांड्याला गुंडाळून खाच रुंद करा, किंवा बायपॉड सोडून वाळूची पिशवी वापरा.

नेमाडे_रेंजवाले
+१. आणि .२२३ घेणार असाल तर ट्विस्ट (नळीतला पीळ; १:९ म्हणजे नऊ इंचात एक फेरी) विचारूनच घ्या. ५५ ग्रेन १:१२ मध्येही चालते, पण रेंजसाठी ६९ ग्रेन वापरायची तर १:९ किंवा १:८ हवा. कमी पडला तर टार्गेटवर गोल भोकाऐवजी लांबट भोकं दिसतात, गोळी आडवी होऊन लागलेली असते. दुकानदाराला माहीत नसेल तर क्लीनिंग रॉडवर घट्ट कापड लावून नळीत घाला, रॉडवर खूण करा आणि खूण एक पूर्ण फेरी फिरेपर्यंत ढकला. रॉड जितके इंच आत गेला तितका ट्विस्ट.

मॅलीकर
कालच दुकानात फोन केला. होवा आहे म्हणाले, पण मी डावखुरा आहे म्हटल्यावर थांबले. काही फरक पडतो का?

बोल्टनट
पडतो! उजव्या बोल्टच्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर डावा हात मुठीवरून काढून रिसीव्हरच्या पलीकडे न्यावा लागतो, गाल दस्त्यावरून उठतो. बेंचवर उजव्या हाताने बोल्ट ओढता येतो, उभ्याने नाही. आधी डोळा तपासा: दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या वस्तूकडे बोट दाखवा, मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना बोट जागचं हलत नाही, तो तुमचा नेमाचा डोळा.

मॅलीकर
डावाच.

बोल्टनट
मग डाव्या बोल्टची घ्या. टिक्का आणि सॅव्हेजमध्ये ती सहज मिळते. तुमच्या पैशात अ‍ॅक्सिस, .२२३, वर होवाहोवांनी सांगितलेली फट मोकळी करून. सांबराची रायफल पुढच्या वर्षी, वेगळ्या परमिटवर. पहिल्या बंदुकीला २८ दिवस थांबावं लागतं, तेव्हा शनिवारची घाई नको.

दगडफूल
एकाच रायफलीत काम होत असताना दोन? मी अजूनही .३०८ म्हणतो, फार तर डाव्या बोल्टची.

नेमाडे_रेंजवाले
दगडफूल, .३०८ ने सशाचं काय उरतं ते तुम्हालाही माहीत आहे.

मॅलीकर, दुर्बीण ३-९x४० (३ ते ९ पट, पुढचं भिंग ४० मिमी) पुरे. बेसच्या स्क्रूना निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), रिंगच्या (दुर्बीण धरणाऱ्या कड्यांच्या) वरच्या स्क्रूना नको. रिंगचे स्क्रू १५ ते २० इंच-पाउंड, एकदम एका बाजूने न आवळता आलटून पालटून. मग बोल्ट काढा, नळीतून २५ मीटरवरचं टार्गेट मध्यात धरा आणि रायफल न हलवता दुर्बिणीची फुली तिथे आणा. २५ वर दुर्बिणीच्या नेमाच्या चाकाच्या एका क्लिकने गोळी जेमतेम २ मिमी सरकते, १०० वर ७. तिथे तीन गोळ्या, मग बोल्ट उघडा ठेवून पाच मिनिटं थांबा. बारीक नळी तापली की गट (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) पसरतो आणि आपण उगाच क्लिक फिरवत बसतो.

मॅलीकर
रिंग लो (कमी उंचीची) घेऊ की मीडियम? ऑब्जेक्टिव्ह (पुढचं भिंग) ४० आहे.

होवाहोवा
लो बसवून बघा. बोल्टची मूठ पूर्ण वर उचलल्यावर आयपीसला (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकाला) घासली, किंवा दुर्बिणीचं पुढचं फुगीर तोंड नळीला टेकलं, तर मीडियम.