आईच्या पित्तनलिकेत खडा आहे की नाही? थेट ईआरसीपी करायची की आधी ईयूएस? मदत हवी आहे (इंदूर)

सुदामानगरची_लेक

नमस्कार मंडळी, जरा घाईत टाइप करतेय, सांभाळून घ्या. मी पुण्यात आणि आई इंदूरला भावाकडे. वय ७२, शुगर आहे, हार्टला स्टेंट टाकलाय म्हणून इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू.

बरेच दिवस तिला जेवण झालं की बरगडीखाली उजवीकडे दुखायचं, मागे पाठीत जायचं. सकाळी पोह्यांवर मूठभर शेव पडल्याशिवाय हिचा दिवस सुरू होत नाही, त्यामुळे फॅमिली डॉक्टरांनीही ॲसिडिटीच धरली. मग एका रात्री उलट्याच उलट्या आणि सकाळी वहिनीने बघितलं तर डोळे पिवळे, लघवी चहासारखी. सोनोग्राफीत गॉलब्लॅडरमध्ये बारीक खडे भरपूर, सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनळी १० मिमी फुगलेली, पण नळीचा खालचा भाग गॅसमुळे दिसला नाही. बिलीरुबिन (कावीळ किती ते) ६.४, लायपेज (पॅनक्रियाज म्हणजे स्वादुपिंडाची सूज दाखवणारी टेस्ट) नॉर्मल. मग एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) केली तर रिपोर्टमध्ये नळी फुगलेली आहे पण खडा स्पष्ट दिसत नाही असं लिहिलंय. आणि आता बिलीरुबिन आपोआप ३.१ वर आलंय, दुखणंही कमी.

एक डॉक्टर म्हणतात थेट ईआरसीपी (तोंडातून स्कोप घालून नळीतला खडा काढणं) करून नळी साफ करून टाकू. दुसरे म्हणतात आधी ईयूएस (स्कोपमधूनच आतली सोनोग्राफी) करू, खडा दिसला तरच ईआरसीपी. भाऊ वैतागलाय, त्याचं म्हणणं दोनदा तोंडातून नळी घालायची, दोनदा बिल लावायचं, हा धंदा आहे सगळा. मला कळत नाहीये कोणाचं ऐकू.

आणि तिसरी पार्टी शेजारच्या काकूंची. त्यांनी कावीळ उतरवणाऱ्याकडून काड्यांची माळ आणून आईच्या गळ्यात घातलीय, माळ जशी लांब होईल तशी कावीळ उतरते म्हणे. आई रोज आरशासमोर उभं राहून माळ बेंबीपर्यंत आली का बघते. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

मालवी_मिरची

ती माळ कोणाच्याही गळ्यात लांब होते हो, ओल्या काड्या सुकल्या की आकसतात आणि गाठी सैल पडतात. घालू दे हवी तर, पण तिच्या भरवशावर थांबू नका. थंडी वाजून ताप आला तर रात्र असो की रविवार, सरळ ॲडमिट करा. कावीळ आणि हुडहुडी भरून ताप म्हणजे नळीत इन्फेक्शन झालंय, ते या वयात फार पटकन चढतं.

रिटायर_टेक्निशियन

मी डॉक्टर नाही, पण एंडोस्कोपी रूममध्ये नोकरीची बरीच वर्षं काढलीयत, डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून वायर पकडायचं काम माझं. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला बरोबर वाटतं, आणि त्यात धंदा वगैरे काही नाही.

फरक समजून घ्या. ईयूएस म्हणजे स्कोपच्या टोकाला बारीक सोनोग्राफी. तो ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) नेला की पित्ताची नळी आणि पॅनक्रियाज अगदी लागून असतात, मध्ये ना गॅस ना चरबी, त्यामुळे दोन-तीन मिमीचा खडासुद्धा दिसतो. एमआरसीपी चांगलीच आहे, पण ५ मिमीच्या आतले आणि एकदम शेवटच्या टोकाला अडकलेले खडे तिला चुकतात. तुमच्या केसमध्ये बिलीरुबिन उतरतंय म्हणजे खडा एकतर निसटून आतड्यात गेला, नाहीतर आहे तिथेच आहे पण पित्त बाजूने वाहतंय. दोन्ही होतं. आणि ७२ वय आहे तर नळीच्या तोंडाशी किंवा पॅनक्रियाजच्या डोक्यात गाठ नाही ना, हेही ईयूएसमध्ये कळतं. घाबरवत नाहीये, खडे दिसतायत आणि दुखून कावीळ झालीय म्हणजे खड्याचीच शक्यता जास्त, पण बघितलेलं बरं.

ईआरसीपी मात्र वेगळं प्रकरण. त्यात स्कोपचा कॅमेरा बाजूला बघणारा असतो, पेशंट पालथा, आम्ही सगळे लेडचे ॲप्रन घालून, कारण एक्स-रे चालू. पॅपिला म्हणजे आतड्याच्या भिंतीवरचं पित्तनळीचं तोंड, त्यातून वायर वर सरकवायची, डाय सोडून स्क्रीनवर नळी बघायची, मग तोंडाला छोटा काप देऊन बलून किंवा बास्केटने खडा ओढायचा. काप दिला की कधी कधी साठलेलं पित्त भसकन बाहेर येतं, काळपट, गाळ असलेलं, तेव्हा रूममध्ये सगळ्यांचे चेहरे सुटतात. १९७३-७४ च्या सुमारास जर्मनीत आणि जपानमध्ये हा काप पहिल्यांदा दिला गेला, त्याआधी यासाठी पोट उघडायचे. पण पॅनक्रियाजची नळीही त्याच तोंडात उघडते ना, त्यामुळे १०० पैकी साधारण ३ ते १० जणांना नंतर पॅनक्रियाटायटिस म्हणजे पॅनक्रियाजला सूज येते. बहुतेकांना सौम्य, काहींना चांगलाच. म्हणून आता नुसतं बघायला ईआरसीपी करत नाहीत, काढायला काहीतरी आहे हे माहीत असलं तरच.

आणि मुख्य मुद्दा तुमच्या आईच्या क्लोपिडोग्रेलचा. नुसत्या बघण्याच्या ईयूएससाठी सहसा ती थांबवावी लागत नाही. काप द्यायचा तर साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद करतात, इकोस्प्रिन चालूच ठेवतात. पण हे कार्डिओलॉजिस्टने ठरवायचं, घरी कोणी परस्पर बंद करू नका, हार्टचा स्टेंट ब्लॉक होणं हे खड्यापेक्षा वाईट.

सुदामानगरची_लेक

बापरे, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. भावाला पाठवलं वाचायला. हार्टचा स्टेंट टाकून तीन-चार वर्षं झाली असतील. दोन्ही एकाच वेळी करता येतात का? आणि भूल?

रिटायर_टेक्निशियन

येतात. जिथे दोन्ही सोय आहे तिथे एकाच सिडेशनमध्ये आधी ईयूएस, खडा दिसला तर स्कोप बदलून लगेच ईआरसीपी. फक्त क्लोपिडोग्रेलचं आधी ठरवून जा, नाहीतर खडा दिसूनही काप देता येणार नाही. तिथे भूलतज्ज्ञ हजर असतात का, पॅनक्रियाटायटिस टाळायला डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनची १०० मिग्रॅची सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी) देतात का (किडनी ठीक असेल तर), हे विचारा. चिडले तर चिडू देत.

अण्णा_राजवाडा

हैदराबादला न्या सरळ. डॉ. नागेश्वर रेड्डी, २०२५ मध्ये पद्मविभूषण मिळालं त्यांना, एआयजी हॉस्पिटल. आमच्या साडूला तिथेच नेलं होतं.

मालवी_मिरची

अण्णा, माणूस मोठाच आहे, पण साध्या सीबीडीच्या खड्यासाठी ७२ वर्षांच्या बाईला हार्टच्या गोळ्या घेऊन हैदराबाद कशाला? इंदुरात हे रोजचं काम आहे. आणि ताई, ७० च्या वरच्यांना आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार घेऊन जा, हॉस्पिटलमध्ये आयुष्मान मित्राच्या खिडकीवर विचारा हे पॅकेजमध्ये बसतं का. नाही बसलं तर एस्टिमेट लेखी घ्या, आणि वायर, बलून, बास्केट त्यात धरलेत का ते बघा, बिल तिथेच फुगतं.

पागनीसपागा

एक माझ्याकडून. माझ्या बाबांचा खडा मोठा होता म्हणून नळीत प्लास्टिकचा स्टेंट ठेवला होता. डिस्चार्ज कार्डवर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, तोंडी कोणी सांगितलंच नाही, आणि घरात सगळ्यांना वाटलं स्टेंट म्हणजे हार्टसारखा, कायमचा. तो तुंबला आणि बाबा थंडी-तापाने परत ॲडमिट. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. प्लास्टिकचा स्टेंट साधारण ३ महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो, १० फ्रेंच मापाचा म्हणजे जेमतेम सव्वातीन मिमी जाडीची नळी ती, तुंबणारच. तारीख फोनमध्ये टाका.

सुदामानगरची_लेक

अपडेट देतेय. कार्डिओलॉजिस्टला विचारून क्लोपिडोग्रेल थांबवली, मग दोन्ही एकाच दिवशी केलं. ईयूएसमध्ये अगदी खालच्या टोकाला ४ मिमीचा खडा आणि गाळ दिसला, गाठ वगैरे काही नाही. लगेच ईआरसीपी, बलूनने साफ झालं, स्टेंट ठेवला नाही. संध्याकाळी थोडं दुखलं पण लायपेज ठीक आलं, दुसऱ्या दिवशी पेज दिली. काकूंचं म्हणणं माळेनेच झालं.

आता सर्जन म्हणतात गॉलब्लॅडर पण काढा, लॅप्रोस्कोपी, लवकर. आई म्हणते नळी साफ झाली ना, दुखत नाही, मग आता कशाला. खरंच लगेच गरज आहे का? आणि क्लोपिडोग्रेल चालू करून परत बंद करायची का?

रिटायर_टेक्निशियन

छान बातमी. गॉलब्लॅडर काढाच, फिट असतील तर त्याच ॲडमिशनमध्ये नाहीतर साधारण दोन आठवड्यांत. खड्यांचं कोठार वर तसंच आहे, एखादा परत खाली उतरला तर पुन्हा कावीळ नाहीतर पॅनक्रियाटायटिस, आणि तुम्ही परत आमच्या टेबलावर. गोळीसाठी सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांना आपसात फोनवर बोलायला लावा, तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका. तोवर संडास डांबरासारखी काळी होते का बघा, कापातून ब्लीडिंग आठवड्यानेही होऊ शकतं, गोळी चालू केल्यावर तर जास्तच. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही काळी होते, तेही डॉक्टरांना सांगा.

सुदामानगरची_लेक

लोहाची गोळी चालू आहे!! बरं झालं बोललात. आज सर्जनकडे जातोय भाऊ, तारीख मिळाली की लिहिते. आणि शेव?

रिटायर_टेक्निशियन

ऑपरेशन होईपर्यंत नाही. नंतर चिमूटभर.