पॅकेज हे एकच कारण नव्हे

‘पोरं एमबीए फक्त पॅकेजसाठी करतात’ असं अनेकदा म्हटलं जातं, पण ते अर्धंच पटतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यात प्रॉडक्शनला असलेल्या इंजिनिअरला बहुतेकदा शिफ्टमधून सुटून प्लॅनिंग किंवा परचेसला जायचं असतं. बी.कॉम., बीएस्सीवाल्याला ही डिग्री म्हणजे पुण्याला जायची वाट वाटते. जालना-लातूरच्या मोंढ्यात घरची आडत असेल, तर खरी गरज खेळतं भांडवल, जीएसटी आणि उधारीची वसुली समजून घेण्याची. अशा पोराने मार्केटिंगच्या नादी न लागता फायनान्स घ्यावं. एमपीएससीत गेलेली वर्षं झाकायला येणारेही बरेच. हे कारण सगळ्यात कच्चं, कारण मुलाखत घेणारा नेमका त्या गॅपवरच बोट ठेवतो.

एमबीए प्रवेशाच्या सीईटीत 200 प्रश्न, 150 मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. म्हणून शेवटची पाच मिनिटं राखून उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काही ना काही उत्तर द्यायचंच. आपल्या मराठवाड्यातली पोरं इंग्रजीच्या धास्तीने शब्द घोकत बसतात. तो भाग 50 प्रश्नांचा, लॉजिकल रीझनिंग 75चं.

फीचं मात्र नीट बघा. उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं तरी शाहू महाराज शिष्यवृत्तीतली ट्यूशन फीची सवलत कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतला तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की महाडीबीटीचं, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचं, दार बंद. प्रवेश मिळवून देणारा एजंट हे सांगत नाही, सांगेल तरी कशाला? आणि कॉलेजला ‘सर्वाधिक पॅकेज’ विचारू नका; बॅचमध्ये किती होते, किती लागले आणि पॅकेजच्या क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध येणाऱ्या मुलाला किती मिळाले, ते लेखी मागा.