मदत हवी आहे: ४० मिमी बोफोर्स विमानविरोधी तोफेचे जतन

आमच्या संग्रहातील दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ४० मिमी बोफोर्स एल-६० ही कायमची निकामी केलेली विमानविरोधी तोफ दीर्घकाळ उघड्यावर राहिल्यामुळे, ती आडवी फिरवणारी यंत्रणा पूर्ण जाम झाली असून जुने ग्रीस दगडासारखे घट्ट झाले आहे. दातेरी चक्रांना इजा न होता ते सैल करण्यासाठी कोणते द्रावण योग्य ठरेल?

रंगाचे मूळ थर हा तोफेच्या सेवाकाळाचा पुरावाच असल्याने वाळूचा मारा करून ते सरसकट उतरवणे मला मान्य नाही. शिवाय त्या काळच्या रंगांत शिसे असू शकते. नळीभोवतीची भक्कम स्प्रिंग दाबाखाली असते, त्यामुळे ती सुरक्षितपणे सोडवण्याचा क्रम अनुभवी जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावा.