ओटीपोटातील जंतुसंसर्ग (पीआयडी): सोनोग्राफीत काहीच दिसत नसताना १४ दिवसांची औषधे कशासाठी?

रानजाई

माझे वय ३१ असून मला एक मुलगा आहे. दुसऱ्या अपत्याचा विचार असल्यामुळे काही महिन्यांपूर्वी मी तांबी काढून घेतली. गेल्या पाळीनंतर ओटीपोटात दोन्ही बाजूंना दुखू लागले, अंगावरून पिवळसर आणि वास येणारे पाणी जाऊ लागले आणि संबंधांच्या वेळी आत खोलवर कळ येऊ लागली. ताप म्हणावा असा आला नाही, फक्त संध्याकाळी अंगात कणकण असे.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी आतून तपासणी केली, लघवीवरून गर्भधारणेची चाचणी करून घेतली आणि कागदावर ‘पीआयडी’ असे निदान लिहिले. एक इंजेक्शन तिथेच दिले आणि डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडाझोल या गोळ्या दिवसातून दोनदा, १४ दिवस घेण्यास सांगितले. सोनोग्राफीचा अहवाल मात्र पूर्णपणे निर्दोष आला. गोळ्या सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत दुखणे थांबले आहे. मग सोनोग्राफीत काही नसताना हे निदान कशाच्या आधारावर झाले, आणि बरे वाटत असताना मळमळ आणणाऱ्या या गोळ्या पुढे चालू ठेवाव्यात का, असे दोन प्रश्न मला पडले आहेत. तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. डॉक्टरांनी पतीलाही औषध घेण्यास सांगितल्यापासून घरात अबोला आहे. ‘मला काही झालेले नाही, मग मी गोळी का घ्यायची,’ हे त्यांचे म्हणणे, आणि त्यामागचा न बोललेला संशय मला कळतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डॉ. हिरवी वाट (स्त्रीरोगतज्ज्ञ)

आपली तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे आपल्या उपचारांविषयी अंतिम शब्द आपल्या डॉक्टरांचाच राहील. तरीही त्यांनी जे केले ते का केले असावे, हे सांगता येईल.

योनिमार्गात किंवा गर्भाशयाच्या मुखाशी असलेले जंतू वर चढून गर्भाशयाचे अस्तर, गर्भनलिका, बीजांडकोश आणि त्यांच्या भोवतीचे आवरण यांच्यापर्यंत पोचतात, तेव्हा त्या संसर्गाला पीआयडी म्हणतात. लैंगिक संबंधांतून पसरणारे क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे यातील सर्वांना ठाऊक असलेले जंतू, परंतु योनिमार्गातील जंतूंचा नेहमीचा समतोल बिघडल्यावर वाढणारे, ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतूही अनेकदा त्यात सामील असतात. कधी प्रसूती, गर्भपात किंवा क्युरेटिंगनंतरही असा संसर्ग होतो. मेट्रोनिडाझोल दिले जाते ते मुख्यतः त्या दुसऱ्या गटासाठी, तर इंजेक्शन गोनोरियासाठी आणि डॉक्सिसायक्लिन क्लॅमिडियासाठी. जंतू नेमका कोणता, हे पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते, म्हणून औषधांचा मारा असा रुंद ठेवावा लागतो.

हे निदान प्रामुख्याने हाताने केलेल्या तपासणीवर होते. गर्भाशयाचे मुख बोटांनी किंचित हलवले असता रुग्ण कळवळते का, गर्भाशयावर किंवा त्याच्या दोन्ही अंगांना दाबल्यावर दुखते का, हे आम्ही पाहतो. ओटीपोटात दुखणाऱ्या, लैंगिक संबंध असलेल्या स्त्रीमध्ये यांपैकी एक जरी खूण आढळली आणि दुखण्याचे दुसरे कारण दिसले नाही, तरी उपचार सुरू करावेत, अशी वैद्यकीय मार्गदर्शक सूचना आहे. सुजलेल्या नळीत पाणी किंवा पू साठला, तर तो सोनोग्राफीत दिसतो, परंतु सुरुवातीच्या काळात नळीच्या आतील अस्तराला आलेली सूज तिथे बहुधा दिसत नाही. सोनोग्राफी आणि लघवीची चाचणी करून घेतली ती मुख्यतः नळीतील गर्भ, बीजांडकोशाला पडलेला पीळ, अपेंडिक्स यांसारखी कारणे चुकू नयेत म्हणून. अहवाल निर्दोष आला, याचा अर्थ गळू झालेले नाही एवढाच घ्यावा.

आता गोळ्यांविषयी. दुखणे लवकर थांबते, कारण जंतूंची संख्या घटली की सूज ओसरू लागते. परंतु नळीच्या आत अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात, जे बीजाला गर्भाशयाकडे लोटत नेतात, आणि उरलेल्या जंतूंनी त्यांची हानी चालूच ठेवली, तर ती दुखून कळत नाही. तंतू झडलेल्या, आतून चिकटलेल्या नळीत पुढे गर्भ अडकू शकतो किंवा नळी बंदच होते. स्वीडनमधील लुंड येथे वेस्त्रोम आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीने निदान पक्के केलेल्या स्त्रियांची अनेक वर्षे नोंद ठेवून १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकदा असा संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांपैकी सुमारे २० टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांमध्ये नळ्यांच्या दोषामुळे वंध्यत्व आढळले. हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. पहिल्या खेपेला वेळेत उपचार झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना पुढे मूल होते, हेही त्यांतूनच दिसते. परंतु आपल्याला दुसरे अपत्य हवे आहे, तेव्हा १४ दिवस पुरे करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मळमळीसाठी दोन्ही गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर छातीत जबर जळजळते. आपल्याकडे अनेक स्त्रिया रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या याच सुमारास घेतात. त्या डॉक्सिसायक्लिनसोबत घेतल्यास औषध नीट शोषले जात नाही, म्हणून मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. मेट्रोनिडाझोलमुळे तोंडाला धातूसारखी चव येते, ती औषध संपल्यावर जाते. हे औषध चालू असताना मद्य घेऊ नये.

समुपदेशक

मी एका शासकीय रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, समुपदेशनाचे काम करते. आपला तिसरा प्रश्न आमच्याकडे जवळपास रोजचा आहे.

पुरुषांमध्ये क्लॅमिडियाची लक्षणे अनेकदा नसतातच, त्यामुळे ‘मला काही झालेले नाही’ हे आपल्या यजमानांचे म्हणणे प्रामाणिक असूनही त्यांच्या शरीरात जंतू असू शकतात. तसे असेल आणि त्यांनी औषध घेतले नाही, तर आपला कोर्स पूर्ण झाल्यावर तोच संसर्ग पुन्हा आपल्याकडे येईल. म्हणूनच गेल्या ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आले त्यांना लक्षणे नसली तरी उपचार द्यावेत, असा नियम आहे. दोघांचा उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत.

आता संशयाविषयी. हा संसर्ग कधी झाला आणि कोणाकडून आला, याचे उत्तर बहुतेक वेळा कोणतीही चाचणी देऊ शकत नाही. क्लॅमिडिया लक्षणांशिवाय महिनोन्‌महिने शरीरात राहू शकतो, आणि डॉक्टरांनी वर लिहिल्याप्रमाणे काही संसर्ग लैंगिक संबंधांतून आलेलेच नसतात. आमच्याकडे जोडपे समोर बसले की मी आधी एवढेच सांगते की ही गोळी कोणाची चौकशी करण्यासाठी नाही, पुढच्या बाळासाठी आहे. नवऱ्यांना हे पत्नीच्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांच्या किंवा आमच्या तोंडून ऐकणे सोपे जाते, असे मला दिसले आहे. म्हणून पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्यावे, आणि एचआयव्ही व सिफिलिसची रक्ततपासणी दोघांनीही करून घ्यावी.

खर्चाची अडचण असलेल्या अन्य वाचकांसाठी सांगते, की जिल्हा रुग्णालयांतील आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये हे उपचार मोफत मिळतात. ओटीपोटाच्या दुखण्यासाठीचे पाकीट पिवळ्या रंगाचे असते, त्याला आम्ही किट ६ म्हणतो. जोडीदाराचे पाकीट करड्या रंगाचे, ते किट १. पाकिटाचे रंग लक्षात ठेवणाऱ्या बायका मात्र त्यातील शेवटच्या गोळ्या हमखास विसरतात.

गोदाकाठ

धाग्याचा विषय थोडा रुंद करतो. आमच्या भागात ओटीपोट दुखते म्हणून गेलेल्या स्त्रीला ‘पिशवीला सूज आहे’ असे सांगितले जाते, दोन-चार दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. वहिनींना असाच सल्ला मिळाला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासल्यावर आधीचा कोणताही उपचार पुरेसे दिवस झालेला नव्हता, असे निघाले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते. त्यांतील किती दुखणी साध्या प्रतिजैविकांनी बरी झाली असती, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

दुसरे टोक याहून जुने आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. एकीकडे वर्षानुवर्षे कोणी तपासत नाही आणि दुसरीकडे तपासले की थेट शस्त्रक्रिया. मधला, १४ दिवसांच्या गोळ्यांचा रस्ता कोणी धीराने चालवत नाही.

डॉ. हिरवी वाट

गोदाकाठ यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. गर्भाशय काढणे हा पीआयडीचा नेहमीचा उपचार नव्हे. पू साठून गळू झाले आणि औषधांनी किंवा पू बाहेर काढूनही ते आटोक्यात आले नाही, तरच अशा मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. मात्र पुरेसा उपचार होऊनही दुखणे रेंगाळत असेल, तर एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) आणि आपल्या देशात विशेषतः गर्भनलिकांचा क्षयरोग यांचा शोध घ्यावा. क्षयरोगात या गोळ्यांचा उपयोग होत नाही, त्याचे निदान गर्भाशयाच्या अस्तराच्या तपासणीतून करावे लागते.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. गोळ्या चालू ठेवते आणि पुढच्या तपासणीला यजमानांना सोबत नेते. एकच शंका उरली आहे. तांबीमुळेच हे झाले, असे सासूबाईंचे ठाम मत आहे. ते खरे आहे का? आणि दुसऱ्या अपत्यासाठी किती थांबावे?

डॉ. हिरवी वाट

तांबी बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत, आधीपासून असलेले जंतू वर ढकलले जाऊन संसर्गाचा धोका थोडा वाढतो. त्यानंतर तो जवळजवळ इतर स्त्रियांइतकाच राहतो. आपली तांबी काढून काही महिने झाले आहेत, त्यामुळे तिच्यावर ठपका ठेवता येणार नाही.

अपत्यासाठी कोणताही ठरावीक काळ थांबण्याची गरज नसते. दोघांची औषधे पूर्ण झाली, दुखणे गेले आणि तपासणीत काही उरले नाही, की पुरे. क्लॅमिडिया किंवा गोनोरियाची चाचणी होकारात्मक आली असेल, तर तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. यानंतर पाळी चुकली, तर मात्र वाट न पाहता लघवीची चाचणी करावी आणि ती होकारात्मक आल्यास सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे याची खात्री करून घ्यावी. त्याआधी एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाशी दुखू लागले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. सध्याच्या औषधांवर असतानाही ताप वाढला, उलट्यांमुळे गोळ्या पोटात राहीनात किंवा दुखणे परतले, तर तेव्हाही लगेच आपल्या डॉक्टरांकडे जावे.