आल्टरनेटरला स्विच लावून मायलेज?

कार्बन_ब्रश: ‘आल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) फील्ड वायरला (ती तोडली की वीज बनत नाही) स्विच लावा, चालवताना बंद ठेवा, रात्री बॅटरी चार्जरवर. मायलेज १० टक्के वाढतं.’ कालची ही पोस्ट वाचून राहवेना. अहो, दिवसाही फ्युएल पंप, इंजेक्टर, इग्निशन, ब्लोअर मिळून ३०० वॅट सहज जातात, म्हणजे २५ अँपिअर. ४५ अँपिअर-तासांची (एएच) बॅटरी तासाभरात अर्ध्यावर! स्टार्टरची बॅटरी एवढ्या खोल डिस्चार्जसाठी नसतेच, प्लेटांवर सल्फेट धरतं. व्होल्टेज पडलं की इलेक्ट्रिक स्टिअरिंग ऐन वळणावर जड.

न्यूट्रल_नको: बॅटरीचं मान्य. पण बचतच नाही असा सूर लावू नका. आल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास, वर इंजिनची गळती. ३०० वॅट तासभर काढायला सव्वाशे-दीडशे मिली पेट्रोल जातं. रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते जाणवतंच. म्हणून तर स्मार्ट चार्जिंग आलं: बॅटरी मुद्दाम ८० टक्क्यांवर, ॲक्सिलरेटर दाबला की चार्जिंग कमी, गिअरमध्ये पाय सोडला की इंजेक्टर बंद आणि व्होल्टेज १४.८ पर्यंत. ती वीज फुकटची. उतारावर न्यूट्रल टाकणारे महाभाग तीही घालवतात, वर आयडलिंगला पेट्रोल जाळतात.

अर्थिंगवाला: कसलं स्मार्ट! गाण्यांसाठी ॲम्प्लिफायर बसवणारे त्याला आंधळं करून ठेवतात. बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर निगेटिव्ह टर्मिनलच्या क्लॅम्पवर, आणि हे अर्थ (ॲम्प्लिफायरची निगेटिव्ह वायर) देतात थेट बॅटरीच्या पोस्टला. तो करंट सेन्सरला चुकवून जातो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) बॅटरी भरलेली वाटते, चार्जिंग अपुरं आणि स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) बंद. अर्थ बॉडीच्या बोल्टलाच द्यायचा.

कार्बन_ब्रश: विषय मायलेजचा आहे. अर्थिंगचं दुकान दुसऱ्या धाग्यावर मांडा.

अर्थिंगवाला: मायलेजचंच बोलतोय, नीट वाचा! इंजिन चालू असताना स्मार्ट चार्जिंगमुळे मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले की धडधाकट आल्टरनेटर बदलणारे तुमच्यासारखेच. आधी हेडलाइट आणि मागच्या काचेचा डिफॉगर लावा. व्होल्टेज साडेतेराच्या वर चढलं तर आल्टरनेटर ठणठणीत. आणि ईएफबीच्या (स्टार्ट-स्टॉप गाड्यांच्या दणकट बॅटरीच्या) जागी साधी बॅटरी टाकू नका, सतत अर्धवट चार्जवर ती लवकर मरते.

कार्बन_ब्रश: डिफॉगरचं बरोबर आहे. झालं समाधान?

स्विचकर्ता: बरं बाबांनो, काढतो स्विच. निदान एसी बंद ठेवून वीज वाचवू?

न्यूट्रल_नको: एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो हो! विजेवर फक्त त्याचा क्लच, ३-४ अँपिअर, आणि पंखे.