शिडाच्या बोटीवरचं बिऱ्हाड : बेटांमधल्या सफरींचे अनुभव

मंडळी, उष्ण कटिबंधातल्या बेटांमधून शिडाच्या किंवा लहान लाकडी बोटीने फिरलेल्यांचे अनुभव एका जागी यावेत म्हणून हा धागा. क्रूझ नव्हे. पाठीवर सॅक घेऊन निघालेले, एकमेकांना न ओळखणारे दहा-पंधरा जण एका बोटीवर चढतात आणि काही दिवस तिथेच खातात, झोपतात, भांडतात, त्या सफरींबद्दल लिहा. बेटांचे फोटो हवे तेवढे मिळतात. बोट कशी होती, कॅप्टन कसा होता, सोबतचे लोक कसे निघाले, समुद्राने काय केलं, हे मात्र कुणी धड सांगत नाही. माझ्या मते सफर चांगली झाली की वाईट हे त्यावरच ठरतं. सुरुवात मी करते.

कार्ताहेना ते पनामा, सान ब्लासमार्गे

दक्षिण अमेरिकेतून मध्य अमेरिकेत रस्त्याने जाता येत नाही. अलास्कापासून अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग कोलंबिया आणि पनामाच्या सीमेवर, दारिएनच्या जंगलात, सुमारे 100 किलोमीटर तुटलेला आहे. म्हणून विमान टाळणारे बॅकपॅकर कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरातून बोट धरतात. आधी दीड-दोन दिवस उघडा समुद्र, मग सान ब्लासची बेटं, शेवटी पनामाचा किनारा.

डिसेंबर ते एप्रिल तिथे व्यापारी वारे जोरात असतात. मी फेब्रुवारीत गेले. कार्ताहेनाहून निघालं की वारा आणि लाटा मागून येतात, त्यामुळे बोट पळते छान, पण सारखी या कुशीवरून त्या कुशीवर लोळत राहते. पनामाहून उलट यायचं तर वारा तोंडावर, ते याहून जड. दिशा निवडायची मोकळीक असेल तर हे ध्यानात ठेवा.

बंदर सोडण्याआधी कॅप्टनने सगळ्यांना डेकवर बसवून बोट समजावली. लाइफ जॅकेट कुठे, आग विझवायचं नळकांडं कुठे, गॅस कुठून बंद करायचा, रेडिओवर मदत कशी मागायची. तो स्वतः पाण्यात पडला तर बोट कशी थांबवायची आणि त्याला वर कसं घ्यायचं, हेही. ऐकून काहींचे चेहरे उतरले. मला तिथेच धीर आला.

रात्री जागायच्या पाळ्या होत्या. कधी बोट न चालवलेल्यांनाही जाणत्या माणसाच्या सोबतीने बसवत. अंधारात कमरेचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय डेकवर पाय ठेवायचा नाही, हा नियम सगळ्यांना. काम एवढंच की चौफेर नजर ठेवायची आणि दिवा दिसला की सांगायचं. जहाजाचा लाल दिवा दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे, हिरवा दिसला तर उजवी. लाल-हिरवे दोन्ही एकदम दिसले तर ते सरळ आपल्यावर येतंय. पनामा कालव्याकडे जाणारी मालवाहू जहाजं त्याच पाण्यातून जातात, त्यामुळे हे ज्ञान पहिल्याच रात्री कामाला आलं.

सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते बेटांमध्ये शिरणं. आम्ही पहाटेच पोचलो होतो, पण कॅप्टन ऊन चढेपर्यंत बाहेर थांबला. प्रवाळातून वाट काढायची तर सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे हवा, तरच पाण्याखालचं दिसतं. मग एक जण पुढच्या टोकाला उभा राहून पाण्याचे रंग ओरडून सांगायला लागला. गडद निळं म्हणजे खोल. फिकट हिरवट-निळं म्हणजे वाळू, तिथे नांगर टाकायचा. तपकिरी दिसलं की प्रवाळ, तिकडे फिरकायचंही नाही. नांगर पडल्यावर कॅप्टनने चष्मा चढवून उडी मारली, नांगर वाळूत नीट रुतलाय की नाही ते खाली जाऊन पाहिलं, आणि मगच इंजिन बंद केलं.

ही बेटं गुना लोकांची. 1925 साली त्यांनी पनामाच्या सरकारविरुद्ध उठाव केला आणि पुढे स्वायत्तता मिळवली. सान ब्लासच्या या प्रदेशाचं आजचं नाव "गुना याला". साडेतीनशेच्या वर बेटं, त्यातल्या मोजक्यांवर वस्ती. निर्मनुष्य वाटणाऱ्या बेटावरच्या प्रत्येक माडालाही मालक असतो, त्यामुळे खाली पडलेला नारळसुद्धा उचलायचा नाही. स्कूबा डायव्हिंगला तिथे बंदी आहे, चष्मा आणि नळी लावून पोहता येतं. बेटं पाण्यापासून जेमतेम वर आहेत. जून 2024 मध्ये गार्दी सुगदुब या बेटावरची सुमारे 300 कुटुंबं समुद्र वाढतोय म्हणून मुख्य भूमीवर हलवावी लागली. तिथे जाणाऱ्याने हे माहीत करून घेऊनच जावं असं मला मनापासून वाटतं.

आणि सोबतचे लोक. उघड्या समुद्रात सगळे आडवे झालेले असताना एक निवृत्त शिक्षिका कठड्याला धरत धरत प्रत्येकाच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवून गेल्या. त्यांच्याशी माझा अजून पत्रव्यवहार आहे.

*

ताई, "सगळे आडवे झालेले" या तीन शब्दांत तुम्ही जे सांगितलंत त्यावर मी सविस्तर लिहितो, कारण बोट लागते या भीतीने अनेक जण असा बेतच करत नाहीत. मला गाडीही लागते, तरी मी बोटीवर आनंदात राहिलो.

डोळ्यांना केबिन स्थिर दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग हालचाल सांगतो, या गोंधळातून मळमळ होते. म्हणून पहिले काही तास खाली केबिनमध्ये जायचंच नाही. वर, बोटीच्या मध्यापासून मागच्या भागात बसायचं, क्षितिजाकडे बघायचं, पुस्तक आणि मोबाइल बंद. पुढच्या टोकाला हिंदकळणं सर्वात जास्त. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. पोट रिकामं ठेवू नका, कोरडं काहीतरी थोडं थोडं खा. उलटी आलीच तर वारा ज्या बाजूने येतोय तिच्या पलीकडच्या कठड्यावर जा, आणि कुणाला तरी पाठीमागून धरायला सांगा. कठड्यावर ओणवं झालेलं माणूस पाण्यात जाणं, हा खरा धोका आहे. आणि सुकाणू हातात द्यायला कॅप्टन तयार असेल तर जरूर घ्या. माझी मळमळ तिथेच थांबली, कारण नजर आपोआप समोर लागते.

*

व्हिटसंडे, ऑस्ट्रेलिया

क्वीन्सलँडच्या एअर्ली बीचवरून निघणाऱ्या बोटींपैकी काही पूर्वी शर्यतीत धावलेल्या आहेत. मी तशीच निवडली. आराम शून्य. खाली ओळीने बर्थ, उभं राहायला डोकं वाकवावं लागतं, अंघोळ जवळपास नाहीच. पण शिडं आपण चढवायची! चार जण विंचच्या, म्हणजे दोर ओढायच्या चक्राच्या, दांड्याला लागतात, शीड वर जायला लागतं, फडफडाट एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि वारा भरला की एकदम शांत. बोट एका अंगावर कलते, सगळ्यांनी वरच्या काठावर पाय बाहेर सोडून बसायचं, दिशा बदलली की डोकं सांभाळत पलीकडे सरकायचं. पाय भिजतात, कुणी बोलत नाही, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच आनंद. मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वाहनात इतकी रमले नाही.

इथे 74 बेटं आहेत, बर्फयुग संपल्यावर समुद्र चढला तेव्हा बुडालेल्या डोंगरांचे माथे. व्हाइटहेवन किनाऱ्याची वाळू जवळजवळ शुद्ध सिलिका, उन्हातही पायाला भाजत नाही. हिल इनलेट या खाडीवरचा पांढऱ्या-निळ्या रंगांचा तो प्रसिद्ध देखावा ओहोटीला जास्त खुलतो, म्हणून बोटीची वेळ ठरवताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. हुक बेटावरच्या नारा इनलेटमध्ये इथल्या मूळ रहिवासी न्गारो लोकांची गुहाचित्रं आहेत. तिथे थांबणारी बोट मिळाली तर सोडू नका.

साधारण नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचे दिवस. अंगभर पातळ सूट घालूनच पाण्यात उतरवतात. उकाड्यात नको वाटतो, तरी घालाच. उन्हापासूनही तोच वाचवतो.

*

मी थोडक्यात लिहितो, पण हे लिहायलाच हवं. कॅरिबियनमधल्या आमच्या सफरीत कॅप्टन दुपारपासून प्यायचा. नांगर टाकलेला असताना नव्हे, बोट चालू असताना. रात्री पाळीला त्याच्या जागी एक तरुण सहप्रवासी जागत बसला, कारण त्याला थोडीफार बोट येत होती. नकाशा, रेडिओ, सगळं त्यानेच सांभाळलं. आम्ही बाकीच्यांनी आळीपाळीने त्याच्यासोबत बसून त्याला जागं ठेवलं. उतरल्यावर सगळ्यांनी मिळून बुकिंग करणाऱ्याकडे लेखी तक्रार दिली. त्या पोरामुळे आम्ही धड पोचलो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पैसे भरण्याआधी कॅप्टनला प्रत्यक्ष भेटा. भेटू देत नसतील तर ती बोट नको.

*

लोंबोक ते फ्लोरेस, इंडोनेशिया

ही शिडाची नाही, इंजिनावर चालणारी लाकडी बोट, पण बिऱ्हाड तेच. वरच्या डेकवर ओळीने गाद्या टाकलेल्या, दोन माणसांमध्ये वीतभर अंतर. बॅकपॅकर लोंबोकहून फ्लोरेसवरच्या लाबुआन बाजोपर्यंत या बोटीने जातात. वाटेतल्या सुंबावा बेटाचा उत्तर किनारा लांबच लांब आहे, तिथे रात्रीही बोट चालते.

आम्ही बाप-लेक गेलो होतो, मुलगा विशीतला. ओळीत झोपणाऱ्यांमध्ये वयाने सर्वात मोठा मीच, पण पोरांनी पहिल्या संध्याकाळपासून "अंकल" करून घेतलं. आमच्याकडे पत्त्यांचा एकच जोड होता आणि तो सगळ्या बोटीला पुरला.

कोमोडो राष्ट्रीय उद्यान 1980 चं, 1991 पासून जागतिक वारसा. कोमोडो ड्रॅगन, घोरपडीच्या कुळातला तो अजस्र प्राणी, रेंजरसोबतच बघायचा असतो. मला मात्र पाण्याने जास्त धास्तावलं. पॅसिफिककडचं पाणी या बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून हिंदी महासागरात शिरतं, म्हणून तिथे प्रवाह फार ओढतात. वरून पाणी शांत दिसतं आणि चांगला पोहणारा मिनिटभरात बोटीपासून दूर जातो. माझा मुलगा तसा गेला. डिंगीतला, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीतला, खलाशी आधीपासूनच आमच्यावर डोळा ठेवून होता, त्याने काही न बोलता इंजिन सुरू केलं आणि त्याला उचलून आणलं. पाण्यात उतरण्याआधी डिंगी खाली सोडलेली आहे ना आणि तिच्यात माणूस बसलाय ना, हे बघूनच उतरा.

कालोंग बेटापाशी संध्याकाळी हजारो वटवाघळं खारफुटीतून उठून डोक्यावरून फ्लोरेसकडे गेली. पत्ते तसेच राहिले.

*

मला नाही आवडलं, तेही इथे असावं. तरुणांची म्हणून जाहिरात केलेली बोट होती, पहाटेपर्यंत स्पीकर चालू. बोटीवर उठून दुसरीकडे जाता येत नाही. शांतता हवी असेल तर बुकिंग करताना तसं सरळ विचारा. बोटींचे प्रकार वेगळे असतात आणि विचारलं तर सांगतात.

*

कोरोन ते एल निदो, फिलिपिन्स

पालावानच्या उत्तरेला दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेल्या बोटी जातात, बांका म्हणतात त्यांना. रात्री बोटीवर न झोपता बेटावरच्या झोपडीत मुक्काम. बोट लागणाऱ्यांना हा प्रकार जास्त मानवेल.

आमचा निघायचा दिवस तटरक्षक दलाने वाऱ्यामुळे रद्द केला. सगळे वैतागले होते. बोटीवरचे खलाशी मात्र शांतपणे जाळी शिवत बसले, त्यातल्या एकाने मला हात धरून टाका शिकवला. म्हणून सांगते, पुढच्या विमानाच्या आधी मोकळे दिवस ठेवा, आणि जून ते ऑक्टोबरच्या नैऋत्य वाऱ्यात बेत शक्यतो टाळा. कोरोनच्या खाडीत 24 सप्टेंबर 1944 ला अमेरिकन विमानांनी बुडवलेली जपानी जहाजं आहेत. त्यातलं एखादं इतकं उथळ आहे की नुसता चष्मा लावूनही दिसतं.

*

एकट्या बाईने जावं का, असं एकीने मला वेगळं विचारलं, त्याचं उत्तर इथेच देते. मी एकटीच गेले होते आणि पुन्हा जाईन. बर्थ कुणासोबत आहे हे आधी विचारा, दोघांचा पलंग अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यायला लावत असतील तर नाही म्हणा. दाराला किंवा पडद्याला काय सोय आहे ते बघा. बोटीवर दुसरी बाई, शक्यतो खलाशांपैकी, असेल तर उत्तम. सॅक मऊ घ्या, चाकांची बॅग ठेवायला जागाच नसते. चपला बहुतेक ठिकाणी चढताना टोपलीत जमा होतात. संडास हातपंपाचा असतो, त्यात कागदही टाकायचा नसतो. पाळीच्या दिवसांचं सामान आणि त्याची पिशवी सोबत ठेवा, कचरा परत किनाऱ्यावर न्यायचा असतो.

आता मला एक सांगा. फिजीच्या यासावा बेटांमधून शिडाच्या बोटीने कुणी गेलंय का? नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे चक्रीवादळांचे महिने, म्हणून मी जुलैचा विचार करतेय. रात्री नांगर कुठे टाकतात, आणि कॅप्टन कसा होता, तेवढं लिहा.