म्हातारा सैनिक वाया जात नाही

सैनिकांची टीम घडवून लढायच्या व्हिडिओ गेममध्ये सैनिकांचं वय वाढावं का, यावर काही जण म्हणतात की इतके मिशन खेळून तयार केलेला स्नायपर वय झालं म्हणून गेला तर मेहनत पाण्यात, ते मला नाही पटत भाऊ. पाण्यात तेव्हाच जाते जेव्हा रिटायर झाल्यावर गेममध्ये त्याला काही कामच नसतं. २०१५ चा मॅसिव्ह चॅलिस हा गेम खेळून पाहा, त्यात युद्ध ३०० वर्षं चालतं त्यामुळे पहिली टीम म्हातारी होणारच, पण मुरलेल्या योद्ध्याला क्रुसिबलमध्ये, म्हणजे तिथल्या प्रशिक्षणाच्या जागी, नेमलं की नवीन पोरं लढाईला येण्याआधीच त्याच्याकडून शिकून येतात, अन् किल्ला देऊन लग्न लावलं तर त्याचे गुण पुढच्या पिढीत उतरतात, दोषही उतरतात. मग कोणाला कधी मैदानातून काढायचं याचा खरोखर विचार करावा लागतो, अन् तोच सगळ्यात मस्त भाग आहे.

आमच्या इथे कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या लष्करी रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे रंगरुटांना घासून तयार करणारे उस्ताद पलटणीत नोकरी करून आलेलेच असतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेआधी भरती झालेला शिपाई तर चाळिशीच्या आसपास पेन्शनवर येतो, म्हणून बरीच वर्षं चालणाऱ्या गेममध्ये तोच माणूस शेवटपर्यंत तसाच भिंतीवरून उड्या मारतो ते फार खटकतं. एक्सकॉम या सैनिकांच्या टीमच्याच गेममध्ये मात्र वय नको, तिथली मोहीम तेवढी लांबत नाही, तिथे सैनिकांना थकवा येणं पुरे, जो एक्सकॉम २ च्या वॉर ऑफ द चोझन या वाढीव भागात आहेच.